माशी मोजणारं बेट

१५ मे १९७२ रोजी ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यातून पुन्हा जपानकडे आलं. महायुद्ध संपल्यापासून २७ वर्षं तिथे अमेरिकी लष्कराची सत्ता होती, बाजारात डॉलर चालत होता. आता देश एक झाला, चलन एक झालं. टोकियो-ओसाका थंडीने गारठलेले असतात त्या दिवसांतही या बेटांवर हवा उबदार असते, वेली हिरव्या असतात. हिवाळ्यात आपली कारली, काकड्या, भोपळे मुख्य भूमीवर विकता येतील, चार पैसे जास्त मिळतील, ही शेतकऱ्यांची आशा रास्तच होती.

नेमक्या त्याच वर्षी ओकिनावाच्या मुख्य बेटावर एक माशी सापडली. लांबी जेमतेम आठ मिलिमीटर, अंगावर पिवळे पट्टे, दिसायला लहानशा गांधीलमाशीसारखी. जपानच्या वनस्पती संरक्षण कायद्यानुसार ही माशी असलेल्या प्रदेशातून वेलवर्गीय फळभाज्या बाहेर नेता येत नव्हत्या. आशेने उघडलेलं दार माणसांसाठी उघडं राहिलं, पण कारल्यासाठी बंद झालं.

हे दार पुन्हा उघडायला २१ वर्षं लागली. त्या कामाची पहिली परीक्षा झाली ती कुमेजिमा नावाच्या एका छोट्या बेटावर.

माशीचा संसार

ही माशी आपल्याला परकी नाही. वरून चांगलं दिसणारं कारलं चिरावं आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक स्वयंपाकघराने घेतलेला आहे. काकडी, दोडका, दुधी, पडवळ या सगळ्यांना डंख मारणारी हीच ती फळमाशी. तिचं मूळ घर भारतीय उपखंडाच्या परिसरातलं मानलं जातं. तिथून माणसांच्या बोटींतून, फळांच्या करंड्यांतून ती आशियाभर पसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पार हवाईपर्यंत पोहोचली.

तिचा बंदोबस्त अवघड का, हे तिच्या संसारावरून कळतं. मादी आपल्या पोटाच्या टोकाशी असलेल्या सुईसारख्या नळीने कोवळ्या फळाची साल भोसकते आणि अंडी आत सोडते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि गर खाऊ लागतात. फळावर कितीही फवारलं तरी आतली अळी सुरक्षित. पुढे फळ सडतं, अळ्या उडी मारून जमिनीवर पडतात, मातीत शिरतात आणि तिथे कोषात जातात. तिथेही औषध पोहोचत नाही. माशी उघड्यावर येते ती पंख फुटल्यावरच. दिवसा ती आसपासच्या झाडाझुडपांत दडून बसते आणि अंडी घालायला तेवढी वेलीवर येते. शेतकऱ्याने आपलं शेत स्वच्छ ठेवलं तरी शेजारच्या बांधावरच्या रानवेलीवर तिचं बस्तान असतंच. एकट्या शेतकऱ्याला ही लढाई जिंकता येत नाही.

बेटामागून बेट

ओकिनावाची बेटं तैवानपासून जपानच्या दिशेने माळेसारखी पसरलेली आहेत, आणि माशी या माळेवरून मणी मोजत पुढे सरकली. १९१९ साली ती दक्षिणेकडच्या याएयामा बेटसमूहात आढळली. १९२९ मध्ये मियाको बेटावर. त्यानंतर चाळीस वर्षं ती तिथेच अडून राहिली. मियाको आणि ओकिनावा यांच्यामध्ये सुमारे तीनशे किलोमीटरचा मोकळा समुद्र आहे, त्याने तिला थोपवून धरलं. पण वाहतूक वाढली आणि समुद्राचा पहारा सैल पडला. १९७० मध्ये ती कुमेजिमावर पोहोचली, १९७२ मध्ये ओकिनावाच्या मुख्य बेटावर, आणि पाठोपाठ उत्तरेला अमामी बेटांवर. पुढचा मणी म्हणजे क्युशू, म्हणजेच जपानची मुख्य भूमी.

सरकारला घाई होती ती या भीतीपोटी. ओकिनावाचा बाजार वाचवायचा होता आणि मुख्य भूमीचं दारही राखायचं होतं. नुसतं नियंत्रण करून भागणार नव्हतं. उद्दिष्ट ठरलं ते समूळ उच्चाटन. म्हणजे शेवटची माशी जाईपर्यंत काम थांबवायचं नाही.

हाताशी असलेली दोन शस्त्रं

त्या वेळेपर्यंत जगाला अशा कामाचे दोन मार्ग ठाऊक झाले होते. त्यातल्या पहिल्याचं मूळ भारतात आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. डास दूर राहावेत म्हणून त्यांच्या शेजाऱ्याने रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं, तर त्यावर फळमाश्यांची झुंबड उडाली. हाउलेट यांनी पाहिलं, तर त्या सगळ्या नर माश्या होत्या. १९१२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि १९१५ पर्यंत त्यामागचं द्रव्य शोधून काढलं. ते होतं मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असतं. आज कोकणातल्या आंबा बागांत टांगलेल्या गंध सापळ्यांचा वंश पुसाच्या त्या रुमालापर्यंत जातो.

या गंधाला थोडं विष जोडलं की नर आपणहून येऊन मरतात. बहुतेक सगळे नर मेले, तर माद्यांची अंडी फळत नाहीत. पॅसिफिकमधल्या रोटा या छोट्या बेटावर १९६०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला. मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक मुरवलेले लगद्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे विमानातून टाकले आणि आंब्या-संत्र्यांवरची प्राच्य फळमाशी तिथून नाहीशी केली. पण कारल्यावरची माशी मिथाइल युजेनॉलकडे फिरकत नाही. तिच्या नरांना ओढणारं क्यू-ल्यूर नावाचं वेगळं द्रव्य आहे, आणि त्याची ओढ बरीच कमी आहे. जे थोडे नर सापळा चुकवतात, ते अनेक माद्यांना पुरे पडतात. एवढ्या एका शस्त्राने ही माशी संपणार नव्हती.

दुसरा मार्ग अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांच्या कल्पनेतून आला होता. कीटक कारखान्यात वाढवायचे, कोषात असतानाच किरणोत्साराने वंध्य करायचे आणि रानात सोडून द्यायचे. रानातली मादी वंध्य नराशी जुळली की तिची अंडी फुकट जातात. हिशेब साधा आहे. समजा, रानात १० लाख नर आहेत आणि आपण ९० लाख वंध्य नर सोडले. मादीला खरा नर मिळण्याची शक्यता दहात एक उरते. पुढची पिढी घटते, आपण मात्र तितकेच नर सोडत राहतो, म्हणजे दर पिढीला पारडं आपल्याकडे झुकत जातं. कीटकनाशक जितकं मारत जाईल तितकं उरलेल्यांना शोधणं कठीण होतं. इथे उलट घडतं. रानातल्या माश्या जितक्या विरळ, तितकं हे शस्त्र धारदार. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर गुराढोरांच्या जखमांत वाढणारी स्क्रूवर्म माशी याच रीतीने संपवली गेली. १९६३ मध्ये रोटा बेटावर कारल्यावरची माशीही याच मार्गाने गेली.

पण या हिशेबात एक अट दडलेली आहे. रानात माश्या किती आहेत हे कळल्याशिवाय किती सोडायच्या हे ठरत नाही. उडणाऱ्या माश्यांची शिरगणती करायची कशी?

कुमेजिमा

ओकिनावाच्या मुख्य बेटावरच्या नाहा शहरापासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, साठएक चौरस किलोमीटरचं कुमेजिमा बेट आहे. ऊसाची शेतं, मधोमध डोंगर, कडेला प्रवाळाचा समुद्र. प्रयोगासाठी हे बेट निवडलं याला कारणं होती. ते पुरेसं लहान होतं, म्हणजे खर्च आवाक्यात. ते पुरेसं एकटं होतं, म्हणजे बाहेरून माश्या उडत येण्याचा धोका कमी. आणि ते पुरेसं खरंखुरं होतं. लोकवस्ती होती, शेतं होती, परसबागा होत्या आणि डोंगरउतारावर शिवलिंगीसारख्या रानवेली होत्या. इथे जमलं तर इतरत्रही जमेल.

कामाचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांत इतो योसिआकी हे नाव ठळक आहे. मुळात ते परिसरशास्त्रज्ञ. कीटकांची संख्या का वाढते आणि का घटते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९७२ मध्ये ते ओकिनावात दाखल झाले. ओसामु इवाहाशी आणि स्थानिक कृषी संशोधन केंद्रातले तरुण कीटकशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होते. मारण्याआधी मोजायचं, हा या मंडळींचा आग्रह होता.

मोजण्याची रीत अशी. काही माश्यांवर रंगाची खूण करून त्या सोडायच्या, थोड्या दिवसांनी सापळ्यांत किती सापडतात ते पाहायचं. समजा, खूण केलेल्या १,००० माश्या सोडल्या आणि सापळ्यात आलेल्या १०० माश्यांत २ खुणेच्या निघाल्या, तर रानात अंदाजे ५०,००० माश्या आहेत. गणित शाळकरी आहे, मेहनत मात्र नाही. बेटभर सापळे टांगायचे, ठरल्या दिवशी सगळे उतरवायचे, एकेक माशी पाहायची. डोंगरात, उसाच्या फडात, घरामागच्या मांडवाखाली. ऋतूगणिक आकडे बदलतात, म्हणून वर्षभर हेच करायचं. सापळ्यांत फक्त नर येत, त्यामुळे फळंही गोळा करावी लागत. कारली, काकड्या, रानवेलींची बोराएवढी फळं आणून ठेवायची आणि त्यांतून अळ्या निघतात का ते बघायचं.

या मोजणीतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, बेटावरच्या माश्या इतक्या आहेत की थेट वंध्य नर सोडून त्यांना झाकोळणं परवडणार नाही. म्हणून आधी क्यू-ल्यूर आणि कीटकनाशक मुरवलेलं आमिष बेटभर पसरून आणि प्रथिनांचं विषारी आमिष वापरून त्यांची संख्या खाली आणली गेली. दुसरी, माश्या बेटभर सारख्या पसरलेल्या नसतात. काही जागी त्या दाटून असतात. सरासरीवर विसंबलं तर नेमक्या त्या जागा निसटतात.

फेब्रुवारी १९७५ मध्ये वंध्य माश्या सोडायला सुरुवात झाली. कारखान्यात त्यांच्या अळ्या गव्हाचा कोंडा, साखर आणि यीस्ट यांच्या लगद्यावर वाढत. कोषातून माशी बाहेर पडायला दोन-तीन दिवस उरले की कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा हिशेबी मारा होई. मारा कमी पडला तर माशी वंध्य होत नाही, जास्त झाला तर नर इतका दुबळा होतो की मादी त्याच्याकडे पाहतही नाही. किरणांच्या माऱ्याबरोबरच कोषांना चमकणाऱ्या रंगाची भुकटी लावली जाई. कोष फोडताना माशीच्या कपाळावरची एक पिशवी फुगते आणि मग आत ओढली जाते, तेव्हा रंगाचे कण त्या फटीत कायमचे अडकतात. पुढे सापळ्यातल्या माशीचं डोकं अतिनील प्रकाशाखाली धरलं की ती आपली की रानातली, हे कळतं.

सुरुवातीला आठवड्याला सुमारे १० लाख माश्या सोडल्या गेल्या. डंखलेल्या फळांचं प्रमाण घटलं, पण घट अडखळत होती. मोजणीचे आकडे दाखवत होते की काही भागांत रानातल्या नरांचा जोर अजून टिकून आहे. मग सोडायच्या माश्या वाढवत वाढवत आठवड्याला ४० लाखांपर्यंत नेल्या. यानंतर मात्र पारडं फिरलं. सापळ्यांत जवळजवळ प्रत्येक माशी रंगाची निघू लागली. गोळा केलेल्या फळांतून अळ्या निघेनाशा झाल्या. तरी कुणी विजयाची घोषणा केली नाही. माशी सापडली नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही, म्हणून आणखी कितीतरी महिने फळं चिरली गेली. सप्टेंबर १९७८ मध्ये कुमेजिमा माशीमुक्त असल्यावर शिक्कामोर्तब झालं.

बेटावरून द्वीपसमूहाकडे

कुमेजिमाने शक्यता सिद्ध केली. पण ओकिनावाचं मुख्य बेट त्याच्या वीसपट आहे. त्यासाठी नाहा इथे माश्यांचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. त्याची क्षमता पुढे आठवड्याला २० कोटी माश्यांपर्यंत गेली. कोष न नेता माश्या थंड करून, गुंगीत ठेवून, हेलिकॉप्टरमधून सोडल्या जाऊ लागल्या. खाली पडता पडता ऊब लागली की त्या जाग्या होत आणि उडून जात. १९८७ मध्ये मियाको, १९८९ मध्ये अमामी, १९९० मध्ये ओकिनावाचं मुख्य बेट, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये याएयामा. १९१९ मध्ये जिथून सुरुवात झाली होती, तिथेच शेवट झाला. एकूण ५,००० कोटींहून अधिक वंध्य माश्या सोडल्या गेल्या आणि दीड हजार कोटी येनहून अधिक खर्च झाला. दरम्यान प्राच्य फळमाशीही, मुख्यतः मिथाइल युजेनॉलच्या बळावर, १९८६ पर्यंत जपानमधून हद्दपार झाली होती.

ही वाट सरळ नव्हती. ही माशी सांज ढळताना जुळते. पानाखाली नर जमतात, पंख थरथरवतात, मादी येते आणि निवड करते. कारखान्यात मात्र पिढ्यानपिढ्या अशाच माश्या निवडल्या जातात, ज्या लवकर वयात येतात आणि लवकर अंडी देतात. त्यांच्याबरोबर जुळण्याची वेळही सरकते. कारखान्यातला नर आधीच तयार, रानातली मादी अजून तयार नाही, असं झालं तर कोट्यवधी नर वाया जातात. ओकिनावाच्या मुख्य बेटावर तर वंध्य नरांना नाकारणाऱ्या माद्या आढळल्या. चोखंदळ माद्याच वंश पुढे नेऊ लागल्या होत्या, म्हणजे माशी आपल्या डोळ्यांसमोर बदलत होती. हे लक्षात आलं तेही सतत मोजत राहिल्यामुळेच. उपाय म्हणून अशा जागी माश्यांचा मारा वाढवला गेला आणि कारखान्यातल्या माश्यांचा कस वारंवार तपासला गेला.

हाती काय लागलं

जपानच्या मुख्य भूमीवरच्या अनेकांना गोया, म्हणजे तिथलं कारलं, आधी ठाऊकही नव्हतं. बंदी उठल्यावर ते देशभरच्या दुकानांत पोहोचलं. टोफू आणि अंड्याबरोबर परतलेलं गोया चांपुरू उन्हाळ्यातला लाडका पदार्थ झाला. ओकिनावाचा आंबाही देशभर विकला जाऊ लागला. परसातल्या वेलीचं कारलं आता निर्धास्त तोडता येतं, ही गोष्ट बेटावरच्या माणसासाठी आकड्यांपेक्षा मोठी आहे.

कुमेजिमाने तर हीच विद्या दुसऱ्या शत्रूवर चालवली. रताळी पोखरणारा सोंड्या भुंगा २०१३ मध्ये याच बेटावरून वंध्य कीटकांच्या मार्गाने हटवला गेला.

तरी या विजयाला मुदतीची अट आहे. तैवान आणि आग्नेय आशियातल्या फळमाश्या वाऱ्याबरोबर, बोटींबरोबर येतच राहतात. म्हणून ओकिनावात वंध्य माश्या आजही सोडल्या जातात, सापळे आजही तपासले जातात. २०१५ मध्ये अमामी बेटावर प्राच्य फळमाशी पुन्हा शिरली. संत्रावर्गीय फळांची विक्री थांबवावी लागली, फळं नष्ट करावी लागली. पण सापळे जागेवर होते, म्हणून घुसखोरी उघड झाली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा हटवली गेली. २०२४ मध्ये वेलवर्गीय भाज्यांवरची आणखी एक जात ओकिनावात दिसली आणि पुन्हा धावपळ सुरू झाली. पहारा उठवला तर २१ वर्षांची कमाई एका पावसाळ्यात जाऊ शकते.

आपल्याला या इतिहासाशी देणंघेणं आहे. फळमाशीच्या भीतीने जपानने सुमारे वीस वर्षं भारतीय आंबा रोखून धरला होता. २००६ मध्ये बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या अटीवर दार उघडलं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारताच्या आंब्यावर बंदी घातली, आणि त्याच यादीत कारलं, पडवळ, वांगं, अळूही होतं. कोबाल्ट-६० चे जे किरण ओकिनावात नर माशीला वंध्य करत होते, तेच लासलगावच्या केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या हापूसमधल्या किडीची वाढ रोखतात. फरक एवढाच की ते बेटभरच्या माश्यांवर उपाय करत होते, आपण पेटीपेटीवर करतो.

रत्नागिरी किंवा नाशिक म्हणजे बेट नव्हे. सभोवती समुद्र नसल्यामुळे इथून माशी समूळ जाणार नाही, हे मान्य करायला हवं. पण कुमेजिमाचा अर्धा धडा खुष्कीच्या प्रदेशातही लागू आहे. सापळा एका बागायतदाराने लावून उपयोग नाही, सगळ्या वाडीने एकाच वेळी लावायला हवा. गळलेली फळं एकाने पुरली आणि शेजाऱ्याने बांधावर टाकली, तर पुरणाऱ्याचे कष्ट वाया जातात. आणि सापळ्यात आज किती माश्या आल्या हा आकडा वहीत उतरला पाहिजे, शेजारच्या वहीशी ताडून पाहिला पाहिजे. आपल्याकडे सापळे पुष्कळ टांगलेले दिसतात, वह्या फार थोड्या.

कुमेजिमाची लढाई जिंकल्याला आता जवळपास अर्धशतक होत आलं. तरीही ओकिनावात कुणीतरी ठरल्या दिवशी सापळा उतरवतं, झाकण उघडतं, आत पाहतं, आणि तक्त्यात शून्य लिहितं. पुढच्या खेपेला पुन्हा शून्य. ते शून्य लिहायला कुणी कंटाळलं नाही, म्हणूनच एका साध्या वेलीवरचं साधं कारलं आज समुद्र ओलांडून जातं.